अंगरक्षकाचं हत्यार : दांडपट्टा

परवा कोल्हापूरच्या भवानी मंडपात मर्दानी खेळ बघताना शेजारच्या पोरानं विचारलं, "काका, ह्या पट्ट्याची मूठ कुठाय?"

मूठ आतच असते! कोपरापर्यंतच्या लोखंडी आवरणात आडवी दांडी असते, तीच पकडायची. त्यामुळं मनगट वळत नाही. सगळा वार खांद्यातून येतो. पातं लांब, लवचिक. पट्टा फिरायला लागला की चौफेर कुणी जवळ येऊ शकत नाही.

१० नोव्हेंबर १६५९, प्रतापगड. अफजलखानाचा अंगरक्षक सय्यद बंडा पट्टा घेऊन शिवाजी महाराजांवर धावला आणि महाराजांचे अंगरक्षक जिवा महाला यांनी त्याचा हात हत्यारासह कलम केला. केवढं ते भान!

पट्टा शिकायचाय? आधी लाठी फिरवा, खांदा तयार करा. शंका असतील तर कमेंटमध्ये बिनधास्त विचारा.