अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि छातीचा फोटो

सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही, असे आपल्याकडे जुन्या बायका सांगत आल्या आहेत. वैद्यकशास्त्राचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. बाळ आईच्या पोटात जितके आठवडे अधिक राहील तितकी त्याची फुप्फुसे अधिक तयार होतात. तेव्हा आठव्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा केव्हाही बळकटच. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. २०२० साली भारतात अशी सुमारे ३० लाख बाळे जन्मली, असा अंदाज आहे.

पूर्वी यांतली पुष्कळशी बाळे हाती लागत नसत. आता तसे राहिलेले नाही. जिल्ह्याच्या रुग्णालयांतून नवजात बाळांसाठी खास कक्ष आहेत. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावलाही २०१८ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. बाळे वाचतात, घरी येतात, शाळेत जाऊ लागतात. आणि मग एखाद्या हिवाळ्यात खोकला लांबला की आईबाप विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, याच्या छातीचा एकदा फोटो काढून पाहायचा का?’ श्रोतेहो, या फोटोतून काय कळते आणि काय कळत नाही, तेच आज पाहू.

फुप्फुस म्हणजे हवेच्या अगदी बारीक पिशव्यांचा घोस. या पिशव्यांना वायुकोश म्हणतात. पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगी ते काही कोटी असतात, मोठ्या माणसाच्या अंगी तीस कोटींच्याही वर जातात. म्हणजे बरेचसे काम जन्मानंतरच होते. पण त्याचा पाया पोटातल्या शेवटच्या आठवड्यांत घातला जातो. वायुकोश मिटून एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना आतून एक स्निग्ध लेप लागतो, तोही याच सुमारास पुरेसा होतो. बाळ आधीच बाहेर आले म्हणजे हा लेप अपुरा पडतो. मग प्राणवायू द्यावा लागतो, कधी यंत्राने श्वास द्यावा लागतो. जीव वाचतो, पण त्या कोवळ्या फुप्फुसाला या उपचाराचाही थोडा मार बसतो.

हे कळले ते छातीच्या फोटोंवरूनच. रॉंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले. पुढे १९६७ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३२ बाळांची हकीकत प्रसिद्ध केली. फोटोंत दिसणाऱ्या खुणांवरून त्यांनी या दुखण्याच्या चार पायऱ्या मांडल्या. काही भाग फाजील फुगलेले, काही आक्रसलेले, मधून दोऱ्यासारख्या रेघा, असे ते चित्र होते. आज बाळांवरचे उपचार पुष्कळ सौम्य झाले आहेत, त्यामुळे इतके ठळक चित्र क्वचितच दिसते.

आता मुख्य मुद्दा. मूल मोठे होते तसा फोटो पुष्कळदा स्वच्छ होत जातो. म्हणून फुप्फुसही पुरते सुधारले, असे मात्र धरून चालू नये. विहिरीत वरून डोकावले तर बांधणी दिसते. पाणी किती टिकते ते पंप लावून उपसल्यावरच समजते. फोटो बांधणी दाखवतो. श्वासाचा जोर किती, हे नळीत फुंकायच्या तपासणीने कळते. डॉक्टर तिला स्पायरोमेट्री म्हणतात. मूल पाचसहा वर्षांचे झाले की शिकवल्यावर ते नीट फुंकू शकते. या तपासणीत सुई नाही, किरण नाहीत.

सीटी स्कॅनमध्ये साध्या फोटोत न दिसणाऱ्या खुणाही दिसतात. पण त्यात साध्या फोटोच्या कितीतरी पट किरण अंगावर पडतात, आणि वाढत्या मुलाच्या बाबतीत तो हिशेब ठेवलाच पाहिजे. युरोपातल्या श्वसनतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० साली असा सल्ला दिला, की स्कॅन सरसकट करू नये. ज्यांचे दुखणे जबर होते, ज्यांना वारंवार दवाखान्यात भरती व्हावे लागते, अशांपुरताच तो ठेवावा, आणि तोही कमीत कमी किरणांत. तेव्हा ‘मोठा फोटो काढा’ असा आग्रह आपण धरू नये. तसेच डॉक्टरांनी सांगितलेला साधा फोटो भीतीपोटी टाळूही नये. त्यातले किरण अगदी थोडे असतात.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची. मोठेपणी खोकल्यासाठी फोटो काढला आणि त्यात जुन्या रेघा दिसल्या, तर मनात पहिली शंका क्षयाची येते. ती येणे रास्तच आहे. दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर थुंकी तपासून घ्यावीच. पण हा माणूस अपुऱ्या दिवसांचा होता, एवढे डॉक्टरांना ठाऊक असेल आणि जुना फोटो शेजारी धरता आला, तर खूण जुनी की नवी हे ठरवणे सोपे जाते. एका फोटोपेक्षा दोन फोटोंची तुलना अधिक बोलते. म्हणून रुग्णालयातून सुटी मिळाल्याचा कागद, त्यावरचे आठवडे, वजन आणि प्राणवायूचे दिवस, आणि जुने फोटो, हे सारे शेताच्या सातबाऱ्यासारखे जपून ठेवावे. ऊसतोडीला किंवा दुसऱ्या कामाला परगावी जाताना ते पिशवीत असावेत.

अशा मुलाच्या फुप्फुसाचे भांडवल मुळातच थोडे कमी असते; त्याला खर्चात टाकणारा शत्रू धूर. चुलीचा धूर, कपाशीच्या पऱ्हाट्या जाळल्याचा धूर, घरातल्या माणसाची विडी, यांपासून त्याला दूर ठेवावे. पुढे जिनिंगसारख्या धुळीच्या कामावर जायचे झाले तर आधी डॉक्टरांना विचारावे. लशी वेळेवर टोचून घ्याव्यात. मूल खेळताना सोबत्यांच्या मागे पडते का, रात्री खोकते का, इकडे लक्ष असू द्यावे. आणि तसे दिसले, तर फोटो स्वच्छ आहे म्हणून गप्प न बसता फुंकायच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे.