ध्रुवावरची हवा आणि कुलाब्याची सुई

वर्ध्याच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसत नाही, मग तो आम्ही का शिकायचा, असे एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारतोच. त्याला कुलाब्याची हकीकत सांगावी. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन यांना सूर्यावर झगझगीत उफाळा दिसला. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने, म्हणजे जवळजवळ ४ टक्क्यांनी घसरला. पुढे विजेच्या ट्रामगाड्यांमुळे नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा उभारली गेली.

अशा वादळात सूर्याकडून आलेली ऊर्जा मुख्यतः ध्रुवांजवळच्या हवेत का उतरते? कारण पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा तेथे जवळजवळ उभ्या वातावरणात शिरतात. या रेषांवरून विद्युतप्रवाह खाली येतो, शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेतून आडवा वाहतो आणि परत वर जातो. शेगडीची तार तापते तशी ही हवा तापते. डोळ्यांना दिसतो तो प्रकाश. पण ऊर्जेचा मोठा वाटा या तापण्यातच खर्च होतो. मोठ्या वादळात ही शक्ती शेकडो अब्ज वॅट असते. आपल्या शेजारच्या चंद्रपूर औष्णिक केंद्राची क्षमता जेमतेम ३ अब्ज वॅट आहे!

केवळ उष्णताच मिळते असे नाही. हवेला धक्काही बसतो. हा भाग पाठ्यपुस्तकांत सहसा नसतो. विद्युतक्षेत्रामुळे ध्रुवावरचे आयन दिवसाच्या बाजूकडून रात्रीच्या बाजूकडे सेकंदाला अर्धा-एक किलोमीटर वेगाने धावतात. वाटेत ते साध्या, अभारित अणूंवर आदळत राहतात. तीनशे किलोमीटरवर हजार अणूंमागे आयन एखादाच, त्यामुळे हवा हळूहळू, तासा-दोन तासांनी वेग घेते. पण एकदा वारा सुटला की जोर ओसरल्यावरही तो वाहत राहतो आणि उलट आयनांनाच ओढू लागतो. कुंभाराने काठी काढून घेतली तरी चाक फिरत राहते, तसेच हे.

तापलेली हवा फुगते, वर चढते. तेथील तापमान हजार अंशांवर गेले तरी अंगाला चटका बसणार नाही, इतकी ती विरळ असते. मुलांशी यावर जरूर चर्चा करावी, तापमान आणि उष्णता यांतला फरक याहून चांगला कळायचा नाही. उपग्रहांना मात्र ही विरळ हवाही जड जाते. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे २१० किलोमीटर उंचीवर सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ हवेच्या वाढलेल्या ओढीने खाली येऊन नष्ट झाले. ते वादळ मध्यमच होते. मे २०२४ चे वादळ कितीतरी मोठे. तेव्हा लडाखमधील हानले येथून तांबडा ध्रुवीय प्रकाश टिपता आला.

आणि वर्ध्याचे काय? दोन्ही ध्रुवांकडून निघालेल्या हवेच्या लाटा तीन-चार तासांत विषुववृत्ताकडे पोचतात. जाता जाता त्या आपल्या डोक्यावरचा आयनांचा थरही वर-खाली हलवतात.