बटण, नाव आणि अक्षर : एसडीएलमधला कीबोर्ड



आजचा विषय कीबोर्ड. काहींना वाटेल, यात समजावण्यासारखं काय आहे? बटण दाबलं, अक्षर उमटलं, संपलं! आम्हालाही असंच वाटत होतं. उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, निवृत्तीनंतर हौसेनं प्रोग्रॅमिंगकडे वळलो, आणि थोड्याच दिवसांत कळलं की या छोट्याशा वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी एकात एक गुंडाळलेल्या आहेत. त्या सोडवून दाखवणं एवढंच आजचं काम.

आपण उदाहरण घेऊ एसडीएलचं, म्हणजे ‘सिंपल डायरेक्टमीडिया लेयर’चं. सॅम लँटिंगा यांनी १९९८ साली सुरू केलेली ही सी भाषेतली लायब्ररी. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड या प्रत्येकाची कीबोर्ड वाचण्याची तऱ्हा निराळी. एसडीएल मध्ये उभी राहते आणि आपल्याला एकच तऱ्हा दाखवते. तिची दुसरी आवृत्ती २०१३ साली आली, तिसरी स्थिर रूपात २०२५ साली. आवृत्तीगणिक काही नावं बदलली, पण आज सांगणार आहोत तो विचार दोन्हींत तोच आहे.

आधी आमची फजिती सांगतो. आम्ही आणि आमच्या नातवानं मिळून लहान मुलांसाठी एक खेळ लिहिला. सुरुवातीला खेळणाऱ्यानं आपलं नाव लिहायचं. शेजारची एक मुलगी खेळायला बसली. संगणकावर मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू होता. समजा, तिचं नाव रमा. तिनं बरोब्बर तीन बटणं दाबली, र, म आणि काना. पडद्यावर काय आलं? जे, सी, ई ही तीन इंग्रजी अक्षरं! पोरगी आमच्याकडे बघून म्हणाली, “आजोबा, याला माझं नाव येत नाही.” चूक तिची नव्हती, कीबोर्डची नव्हती, एसडीएलचीही नव्हती. आमची होती. आम्ही जागेला अक्षर समजलो होतो.

आता त्या तीन गोष्टी पाहू.

पहिली, जागा. हिला स्कॅनकोड म्हणतात. बटण कीबोर्डवर कुठे आहे, एवढंच तो सांगतो. त्यावर काय छापलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हे आकडे यूएसबी कीबोर्डच्या प्रमाणित तक्त्यावरून घेतलेले आहेत : अमेरिकी मांडणीत जिथे ए आहे त्या जागेचा आकडा ४, जिथे जे आहे तिचा १३. इनस्क्रिप्टमध्ये याच १३ नंबरच्या जागेवर र असतो. आमच्या प्रोग्रॅमनं १३ पाहिला आणि बेधडक जे लिहून टाकला.

मग स्कॅनकोड निरुपयोगी का? मुळीच नाही. खेळात डब्ल्यू, ए, एस, डी या चार बटणांनी पात्र हलवतात, कारण ती डाव्या हाताच्या बोटांखाली नीट बसतात. फ्रेंच कीबोर्डवर त्याच चार जागांवर झेड, क्यू, एस, डी असतात. फ्रेंच माणसाच्या बोटांना सोय हवी असते ती जागेची, नावाची नव्हे. म्हणून हालचालीसाठी स्कॅनकोड.

दुसरी गोष्ट, नाव. हा कीकोड. सध्याच्या मांडणीनुसार त्या बटणाला काय म्हणतात, ते हा सांगतो. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांची अदलाबदल असते. ‘कंट्रोल दाबून झेड’ म्हणजे केलेलं रद्द करा, हा संकेत झेडच्या नावाशी बांधलेला आहे, जागेशी नाही. तिथे कीकोडच पाहिला पाहिजे.

तिसरी गोष्ट, मजकूर. इथे ‘टेक्स्ट इनपुट’ नावाची वेगळी घटना येते आणि तिच्यात यूटीएफ-८ मध्ये तयार मजकूर असतो. एक बटण म्हणजे एक अक्षर, हे समीकरणच इथे मोडतं. कुणी रोमन लिपीत टाइप करून मराठी शब्द निवडतो, तेव्हा चार-पाच बटणांनंतर अख्खा शब्द येतो. तो अर्धवट असताना ‘टेक्स्ट एडिटिंग’ ही घटना येते. तो मजकूर फक्त दाखवायचा, पक्का धरायचा नाही. मोबाइलच्या पडद्यावरच्या कीबोर्डवर तर प्रत्येक अक्षरामागे बटण दाबल्याची घटना येईलच, असंही धरून चालत नाही.

आम्हाला इथे भर्तृहरीची आठवण होते. अर्थ सुट्या वर्णांत तुकड्यातुकड्यानं नसतो, अखंड रूपातून तो स्फुरतो, असा त्याच्या स्फोटविचाराचा गाभा. संगणकाशी त्याचा संबंध अर्थातच नाही. पण सुट्या बटणांची बेरीज म्हणजे शब्द नव्हे, हे आम्हाला त्याच्यामुळे चटकन पटलं.

मजकूर हवा असेल तेव्हा ‘स्टार्ट टेक्स्ट इनपुट’ हे फंक्शन बोलवायचं, काम झालं की ‘स्टॉप’. दुसऱ्या आवृत्तीत डेस्कटॉपवर ही सोय सुरुवातीपासूनच चालू असायची. तिसरीत ती विशिष्ट खिडकीसाठी आपण चालू करावी लागते. जुना कोड नव्या आवृत्तीत नेला आणि अक्षरं उमटेनाशी झाली, तर आधी हे तपासा.

आता आणखी एक भेद : घटना आणि स्थिती. ‘दार वाजलं’ ही घटना, ‘दार उघडं आहे’ ही स्थिती. बटण दाबलं, बटण सुटलं या घटना. त्या रांगेत येतात आणि आपण एकेक उचलतो. ‘गेट कीबोर्ड स्टेट’ मात्र या क्षणी कोणती बटणं दाबलेली आहेत, याचा तक्ता देतं. पात्र सतत चालवायचं तर स्थिती पाहा. उडी मारायची तर घटना पाहा. कारण बटण झटकन दाबून सोडलं, तर स्थिती पाहीपर्यंत ते सुटलेलंही असेल आणि उडी हुकेल. शिवाय बटण दाबून धरलं की ‘दाबलं’ची घटना पुन्हा पुन्हा येते. अशा घटनेवर ‘रिपीट’ची खूण असते. ती पाहिली नाही, तर पात्र बेडकासारखं उड्याच मारत सुटेल!

शेवटचा मुद्दा खोडण्याचा. बॅकस्पेस हा मजकूर नाही, ती बटणाचीच घटना आहे. म्हणजे खोडायचं कसं, ते आपण ठरवायचं. ‘रमा’ डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये ती तीन चिन्हं आहेत. आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणून एकूण ९ बाइट. इंग्रजीच्या सवयीनं शेवटचा एकच बाइट काढला, तर कान्याचे दोन तुकडे लोंबकळत राहतात आणि मजकूर बिघडतो. म्हणून मागे जाताना चिन्हाचा पहिला बाइट सापडेपर्यंत जायचं आणि ते चिन्ह पूर्ण काढायचं. आधी काना जाईल, मग म. मराठी लिहिणाऱ्याच्या हाताला हीच सवय असते.

तेव्हा मंडळी, लक्षात ठेवायचं ते इतकंच. बोटांची सोय हवी तर जागा, संकेत हवा तर नाव, आणि माणसाला लिहायचं असेल तर मजकूर. आम्ही खेळात नाव घेण्याचा भाग काढून ‘टेक्स्ट इनपुट’वर पुन्हा लिहिला. फार तर वीसेक ओळी बदलल्या असतील. ती मुलगी परत आली, तीच तीन बटणं तिनं दाबली आणि नाव उमटलं. खेळ तिनं नंतर खेळलाच नाही. नाव खोडत आणि लिहीत बसली.

क्ष, ज्ञ, त्र यांसारखी जोडाक्षरं पडद्यावर नीट जुळवून कशी रेखाटायची, ते पुढच्या वेळी पाहू. तोवर एक करा. आपल्याच एखाद्या प्रोग्रॅममध्ये आपलं नाव मराठीत लिहून पाहा. नाही उमटलं, तर कुठे चुकलं ते आता तुम्हाला शोधता येईल.