दगड, खापर आणि चुना



गेल्या सत्रात आमच्या वर्गातील एका मुलाने शेतातून येताना सापडलेला खापराचा तुकडा माझ्या मेजावर आणून ठेवला आणि विचारले, "सर, हा जुना आहे हे कशावरून ओळखावे?" घंटा झाली तरी उत्तर पुरे झाले नाही, म्हणून ते येथे लिहीत आहे.

प्रत्येक जुन्या गावाची एक 'काळी' व एक 'पांढरी' असते, हे आपणांस वडीलधाऱ्यांकडून ठाऊक असेलच. काळी म्हणजे कसावयाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख आणि पडलेल्या भिंतींची माती साचून ती पांढुरकी होते. तिच्यात ताम्रपट क्वचितच मिळतो. दगड, खापर आणि चुना मात्र पदोपदी मिळतात. ताम्रपट राजाची हकिगत सांगतो. गवंड्याची, कुंभाराची व त्यांच्या गावाची हकिगत ऐकावयाची असेल, तर या तिघांनाच विचारले पाहिजे.

प्रथम दगड घेऊ. आपल्या प्रांताचा बहुतेक भाग ज्वालामुखीच्या रसापासून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस, देगलूर-बिलोलीकडे, त्याहून कितीतरी पुरातन असा ग्रॅनाइटचा खडक वर येतो. तर लातूर जिल्ह्यात काही ठिकाणी जांभा आढळतो. औसा तालुक्यातील खरोसा येथील लेणी जांभ्यात कोरलेली आहेत. जांभा कोरावयास सोपा, परंतु सच्छिद्र. म्हणून तेथील मूर्तींची झीज पुष्कळ झाली आहे. उलट वेरूळच्या काळ्या पाषाणात बारीक कोरीव काम अद्यापि स्पष्ट दिसते. शिल्पकाराचे कौशल्य किती टिकावयाचे हे काही अंशी दगडच ठरवितो.

आता खापर. कुंभार जवळच्या ओढ्याची माती घेतो, आणि त्या मातीत त्या भागातील खडकाचे कण असतात. शास्त्रज्ञ खापराचा अवघा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप घासून तयार करतात. इतका पातळ काप पारदर्शक होतो व सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील कण ओळखता येतात. काळ्या पाषाणाच्या मुलुखात सापडलेल्या खापरात ग्रॅनाइटचे कण दिसले, तर ते मडके किंवा त्याची माती दुरून आली असली पाहिजे. त्याचप्रमाणे, भाजलेली माती पुन्हा तापविली असता अत्यंत मंद प्रकाश देते. तो मोजून ती भट्टीत केव्हा भाजली गेली याचा अंदाज करता येतो.

लातूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी तेर हे गाव आहे. हेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक ग्रंथात येथील माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरास जात असे, असे नमूद आहे. तेथील त्रिविक्रमाचे प्राचीन मंदिर विटांचे असून तेरच्या काही विटा पाण्यावर तरंगतात. मातीत भुसा कालवून वीट भाजली म्हणजे भुसा जळून जातो, त्याच्या जागी पोकळी राहते व वीट हलकी होते.

तिसरा साक्षीदार चुना. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत तापविली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून, वाळू व विटांची भुकटी घालून, बैलांच्या घाणीत मळीत असत. भिंतीत बसल्यावर तो हवेतील तोच वायू पुन्हा शोषून घेतो आणि हळूहळू दगड बनतो. त्या काळच्या हवेचा अंश त्यात बंदिस्त राहत असल्यामुळे चुन्यावरूनही इमारतीचे वय काढण्याचा प्रयत्न करता येतो. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळले होते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

कोणी म्हणेल, या अभ्यासाचा आम्हांस उपयोग काय? त्याचे उत्तर तेरणेच्याच खोऱ्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे चारच्या सुमारास, किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. घरे दगडाचीच होती. भिंतीही चांगल्या जाड होत्या. परंतु आतली व बाहेरली अशा दोन बाजू रचून मधल्या पोकळीत दगडगोटे व चिखल भरलेला असे. दोन्ही बाजूंना एकत्र धरणारे आरपार दगड बहुधा नव्हते, आणि डोक्यावर माळवदाच्या मातीचा भार होता. जमीन हलताच भिंतींच्या दोन बाजू फुटून अलग झाल्या व माळवद खाली आले. दगड मजबूत होता. त्याला धरून ठेवणारे काही नव्हते. ज्या भागात जुने गवंडी चुना मळून किल्ले बांधीत होते, त्याच भागात ही गोष्ट घडावी, हे मनास लावून घेण्यासारखे आहे. पुढे घरांची दुरुस्ती करताना भिंतींत आरपार बांध घालण्याची रीत शिकविण्यात आली, ती याच अनुभवावरून.

दुसरा उपयोग जतनाचा. चुन्याची भिंत ओल आत घेते व बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा घट्ट लेप दिला की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून पालकांस विनंती आहे की, आपल्या वाड्याची किंवा बारवेची डागडुजी सिमेंटने करण्यापूर्वी तिचे मूळचे सांधे कशाने भरले आहेत हे जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावे.

असो. तो खापराचा तुकडा आमच्या वर्गाच्या कपाटात आहे. त्याचे वय मी त्या मुलास सांगू शकलो नाही. परंतु तो कोणत्या शेतात, कोणत्या बांधाजवळ व कोणत्या दिवशी सापडला, हे चिठ्ठीवर त्याच्याच हातून लिहवून घेतले. जागा विसरली की साक्षीदाराची निम्मी साक्ष बुडते. पांढरीच्या मातीत तुम्हांस काही दिसले, तर ते उकरू नका. जेथे आहे तेथेच राहू द्या, जागा टिपून ठेवा आणि शिक्षकांस कळवा.