बाहेरचं जेवण की घरचा स्वयंपाक : खर्चाचा हिशेब कसा मांडायचा?

"डॉक्टर, एकट्यापुरता स्वयंपाक परवडत नाही. त्यापेक्षा मेस स्वस्त पडते." दवाखान्यात हे मी वरचेवर ऐकतो. नोकरीसाठी एकटे राहणारे असोत, दोघंही कामावर जाणारी जोडपी असोत की मुलं परगावी गेलेले आजी-आजोबा, बहुतेकांचं म्हणणं हेच. त्यात तथ्यही आहे. पण घरात कुणाला रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर हा हिशेब नुसत्या ताटाच्या किमतीवर थांबत नाही.

ताटाची किंमत

दोघांचं साधं जेवण धरू : वरण-भात, पोळी, एक भाजी. तूरडाळ १०० ग्रॅम १४ रुपये, तांदूळ १५० ग्रॅम ९, कणीक २०० ग्रॅम ८, पाव किलो भाजी २०, तेल-मसाला ८ आणि गॅस १०. एकूण ६९ रुपये, म्हणजे माणशी साधारण ३५. हे ढोबळ भाव आहेत. तुमच्या गावच्या भावाने बदलून घ्या. मेसची थाळी १०० रुपयांना धरली, तर एका वेळेचे माणशी ६५ रुपये वाचतात. महिन्याच्या २६ दिवसांचे जवळपास १,७०० होतात.

एकट्या माणसाला एवढी बचत होत नाही, कारण भाजीची जुडी वाया जाते. शिवाय घरच्या जेवणात कुणाचा तरी तास-दीड तास जातो. तो वेळ बहुतेक घरांत एकाच बाईचा असतो. "घरचंच खा" एवढं सांगून मी मोकळा झालो, तर पथ्य एकाचं आणि राबणं दुसऱ्याचं, असं होतं.

बिलात न दिसणारा खर्च

एका रुग्णाचा रक्तदाब दोन गोळ्या चालू असूनही आटोक्यात येत नव्हता. तिसरी लिहिण्याआधी मी दिवसभरातलं खाणं विचारलं. सकाळी वडापाव, दुपारी मेस, रात्री हॉटेलची पार्सल भाजी. गोळ्या तो नियमित घेत होता, पण मिठाचा अंदाज त्यालाही नव्हता आणि मलाही येईना.

मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात पाव, फरसाण, लोणचं, पापड यांतलं मीठही आलं. बाहेरच्या ग्रेव्हीत किती मीठ पडलं, हे आपल्याला दिसत नाही. तेलाचंही तसंच. एक ग्रॅम तेलातून ९ कॅलरी मिळतात, त्यामुळे भाजीवर तरंगणारा तवंग दोन पोळ्यांची भर सहज घालतो. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात हृदयाला घातक पदार्थ वाढत जातात.

याची किंमत वाढलेल्या गोळ्या, जास्तीच्या तपासण्या आणि बुडालेला रोज या रूपात पुढे भरावी लागते. जेवणाच्या हिशेबात आपण ती धरत नाही.

घरचं म्हणजे चांगलंच, असंही नाही

घरातलं मीठ आणि तेल मोजून पाहा. चौघांच्या घरात मिठाची किलोची पिशवी महिनाभरात संपत असेल, तर माणशी रोज ८ ग्रॅमहून जास्त मीठ जातं आहे. तेल माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास असावं. हे दोन आकडे जास्त असतील, तर घरचं जेवण स्वस्त पडेल, पण पथ्याचं होणार नाही.

मधला मार्ग

सगळं घरी किंवा सगळं बाहेर, असं करायची गरज नाही.

• पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून आणा. वरण, भाजी आणि कोशिंबीर घरी करा. वेळखाऊ काम पोळ्यांचंच असतं.
• एकटे असाल तर मुगाच्या डाळीची भाज्या घातलेली खिचडी कुकरमध्ये अर्ध्या तासात होते. सोबत ताक घ्या, मीठ न घालता.
• जास्तीचा भात-वरण दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवा.
• मेस लावलीच असेल, तर लोणचं-पापड नको म्हणून सांगा, तर्री बाजूला ठेवा, काकडी-टोमॅटो स्वतःचे न्या.

दोन गोष्टी मात्र जपा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल, तर पैसे वाचवायला जेवण टाळू नका. साखर एकदम उतरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. आणि कमी सोडियमचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा आजार असलेल्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते धोक्याचं ठरतं.

वर सांगितलेल्या रुग्णाने रात्रीचं जेवण तेवढं घरी सुरू केलं : खिचडी, कधी विकतची पोळी आणि घरची भाजी. सहा आठवड्यांनी रक्तदाब उतरला होता आणि तिसरी गोळी तूर्त लिहावी लागली नाही. प्रत्येकाच्या बाबतीत असंच होईल असं नाही, आणि आकडा सुधारला म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. पुढच्या तपासणीला येताना आठवडाभर काय खाल्लं आणि त्याला किती खर्च आला, ते एका कागदावर लिहून आणा. तुमच्या डॉक्टरांना औषध ठरवताना त्याचा उपयोग होईल.