मोबाईलची बत्ती आणि घरची बत्ती

गेल्या रमजानमधली गोष्ट. तरावीहहून घरी आलो तेव्हा पाथरीत वारे सुटले होते आणि पाठोपाठ लाईट गेली. मराठवाड्यात राहणाऱ्याला यात नवल नाही. पोरांनी सवयीप्रमाणे घरातल्या दोन्ही मोबाईलच्या बत्त्या लावल्या. एक फोन स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला टेकवला, दुसरा बाहेरच्या खोलीत. सहरीचे कालवण होईपर्यंत, मग भांडी घासून होईपर्यंत बत्त्या चालूच. धाकट्याला अंधाराची भीती वाटते, म्हणून एक फोन त्याच्या उशाशी गेला. त्याने तो गोधडीवर ठेवला, बत्तीची बाजू खाली, आणि तसाच झोपी गेला.

रात्री दोनच्या सुमारास अम्मींना दम लागला. दम्याचा त्रास जुना आहे, पण त्या रात्री औषधाच्या पंपाने उतार पडेना. १०८ ला फोन लावायला एक मोबाईल उचलला तर तो बंद पडलेला. दुसरा गोधडीत सापडला तो चांगलाच तापलेला आणि बॅटरी तीन टक्के. रिंग वाजायच्या आत तोही गेला. शेवटी अंधारातच शेजारच्या चाचांचे दार वाजवले. ते रिक्षा चालवतात. "मास्टर साब, फोन रहने दो, अम्मी को बिठाओ पहले," एवढेच ते म्हणाले. दवाखान्यात वाफ दिल्यावर अम्मींना बरे वाटले आणि फजरच्या आधी आम्ही घरी परतलो. अल्लाहचे शुक्र. पण तो बंद पडलेला फोन हातात धरून उभे राहिलो ती दोन मिनिटे आम्ही विसरलेलो नाही.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञान आमचा विषय नाही. तरी शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना गाठले, थोडे वाचले, आणि कळले ते असे.

फोनच्या पाठीवरचा तो दिवा मुळात टॉर्च नाहीच. तो फोटोसाठी आहे. फोटो काढताना त्यातून क्षणभर जोराचा विद्युतप्रवाह जातो, एक अँपिअरच्या आसपास, आणि सेकंदाच्या लहानशा भागात काम संपते. आपण टॉर्चचे बटण दाबतो तेव्हा फोन हाच प्रवाह बराच कमी करून देतो, कारण तेवढ्या जोरात तो दिवा सतत चालला तर टिकणार नाही. दिवा तांदळाच्या दाण्याएवढा. त्यात निळा प्रकाश तयार होतो आणि वरच्या पिवळ्या थरातून बाहेर पडताना तो पांढरा दिसतो. हा निळा एलईडी बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

एलईडीचा प्रकाश जुन्या बल्बसारखा चटका देत नाही, म्हणून तो थंड असतो असा आपला समज. पण दिव्याला दिलेल्या विजेचा मोठा भाग आतल्या आत उष्णताच होतो. घरातल्या एलईडी बल्बला ही उष्णता काढून टाकायला खालचा जाड भाग असतो. फोनमध्ये ना पंखा ना जागा. ती उष्णता फोनच्या पाठीतून हवेत जाते, आणि आपण ती पाठच गोधडीत, खिशात, उशीखाली दाबून टाकतो. शेजारीच लिथियमची बॅटरी असते आणि तिला उष्णता सोसत नाही, तिचे आयुष्य घटते. फोन फार तापला की बत्ती आपोआप मंद किंवा बंद होण्याची सोय बहुतेक फोनमध्ये असते. मात्र स्वस्त किंवा जुन्या फोनवर, त्यातही फुगलेल्या बॅटरीच्या फोनवर, विसंबून कशाला राहायचे? बॅटरी फुगली असेल तर तो फोन बत्तीलाच काय, चार्जिंगलाही लावू नये.

एकट्या बत्तीने मात्र बॅटरी एवढी उतरत नाही. सरांनी हिशोब मांडून दाखवला की चांगल्या बॅटरीवर ती कित्येक तास चालेल. आमच्या घरात त्या रात्री बाकीचेही घडले होते. लाईट गेल्याने टॉवरची रेंज कमी झाली आणि फोन रेंज शोधत राहिले. मुलांनी बत्ती चालू ठेवून व्हिडिओ पाहिले. बॅटऱ्या तीन वर्षांच्या. आणि लाईट गेली तेव्हाच दोन्ही फोन निम्म्यावर होते.

पूर्वी असे होत नसे का? २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत आपल्याकडे कित्येक तास अंधार असे, पण तेव्हा प्रत्येक घरात कंदील किंवा चिमणी होती. मग नोकिया ११०० आला, २००३ मधला, माथ्यावर छोटी बत्ती असलेला. जगभर त्याचे २५ कोटींहून अधिक नग खपले. त्याचा पडदा इवलासा आणि व्हिडिओचे नावच नाही, त्यामुळे बॅटरी दिवसच्या दिवस चाले. कंदील माळ्यावर गेला तो तेव्हापासून. आता फोन बदलले, सवय तीच राहिली.

सरांनी आणखी एक गोष्ट दाखवली. फोनच्या दिव्याला टॉर्चसारखी चकचकीत वाटी नसते, त्यामुळे उजेड चहूकडे पसरतो आणि लगेच विरतो. अंतर दुप्पट केले की उजेड पाव होतो. खोलीत हे चालते, शेतात नाही. पाथरी तालुक्यात रात्री उसाला पाणी द्यायला जाणारे कितीतरी पालक आम्हाला ठाऊक आहेत, एका हातात फावडे आणि दुसऱ्यात मोबाईल. नाग, घोणस, मण्यार, फुरसे या चारही जाती महाराष्ट्रात आहेत. चार पावलांवरचे जनावर मोबाईलच्या उजेडात दिसेलच असे नाही. तिथे दूरवर झोत टाकणारी बॅटरी आणि पायात बूट हवेत. आणि बत्ती छातीशी नको, खाली गुडघ्याजवळ धरावी. तिरप्या उजेडाने सावल्या लांब पडतात आणि खाचखळगा, दोरी, साप ओळखू येतो.

हेच कब्रस्तानात. पावसाळ्यात एकदा इशानंतर दफन होते. दहा-बारा जणांनी मोबाईल पुढे धरले, आणि खाली उतरलेल्या माणसाला काहीच दिसेना. "बत्ती आँखों में नको, मिट्टी पे मारो!" असे तो ओरडला तेव्हा सगळे वरमले. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर झोत पडला की पुन्हा नीट दिसायला वेळ लागतो, पूर्ण सरावायला तर वीस-तीस मिनिटे. लहान बाळाच्या डोळ्यांसमोर गंमत म्हणून बत्ती नाचवणाऱ्या मामा-चाचांनाही हे सांगायला हवे.

घरात फोनची बत्ती वापरायचीच तर पडदा खाली करून फोन टेबलावर ठेवावा आणि उजेड छताकडे सोडावा. चुन्याच्या पांढऱ्या छतावरून तो सगळ्या खोलीत मऊ पसरतो. पत्र्याचे घर असेल तर पांढऱ्या भिंतीकडे वळवावा. काही फोनमध्ये बत्तीच्या चिन्हावर बोट दाबून धरले की उजेड कमी करता येतो, तो सर्वांत कमी ठेवावा. चार्जिंगला लावलेल्या फोनची बत्ती लावू नये, दोन्हीकडून तापतो. गॅसचा वास येत असेल तर घरातले बटण दाबू नये, मोबाईलची बत्तीही लावू नये. आधी दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करावा.

आणि बत्तीसाठी वेगळे ॲप कशाला? ते आपला ठावठिकाणा मागते तेव्हाच शंका यावी. कोट्यवधी लोकांनी घेतलेले अशाच बत्तीचे एक ॲप ठावठिकाण्याची माहिती जाहिरातवाल्यांना पुरवत असल्याचे २०१३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने उघड केले होते. फोनमध्ये कंपनीने दिलेली बत्ती पुरते.

त्या रात्रीनंतर आम्ही बाजारातून चार्जिंगची एक साधी टॉर्च आणली. ती अम्मींच्या पलंगाशेजारी खिळ्याला अडकवली आहे. तिला हात लावायची मुलांना मनाई आहे, आणि लाईट गेली की एक फोन बत्ती न लावता कपाटावर ठेवायचा असे ठरले आहे. धाकटा अजून कुरकुरतो. अम्मी मात्र रोज झोपण्याआधी अंधारात हात नेऊन टॉर्च जागेवर आहे ना, ते चाचपून पाहतात.