मसल कार तेलटंचाईने संपली नाही

अमेरिकन मसल कारचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: १९७३ साली अरब देशांनी तेल तोडलं आणि त्या दांडग्या गाड्या संपल्या. माहितीपटांत हेच, आणि गाड्यांतलं ज्यांना खरोखर कळतं त्यांच्या तोंडीही हेच. तारखा नुसत्या शेजारी शेजारी मांडल्या तरी हे विधान कोसळतं. तरीही ते वर्षानुवर्षं सांगितलं जातं, याचा मनापासून वैताग येतो.

तेलबंदी लागू झाली ऑक्टोबर १९७३ मध्ये. अमेरिकेत पुढच्या सालाची मॉडेलं आदल्या शरद ऋतूतच बाजारात येतात, म्हणजे तेव्हा शोरूममध्ये १९७४ च्या गाड्या लागल्या होत्या. क्रायस्लरचं ४२६ हेमी इंजिन १९७१ नंतर बंद झालं होतं. शेव्हरलेच्या शेव्हेलमधलं ४५० हॉर्सपॉवरचं एलएस-६ इंजिन फक्त १९७० च्या मॉडेलपुरतं मिळालं होतं. फोर्डची बॉस मस्टँगही १९७१ नंतर गेली होती, आणि जिला व्ही-८ इंजिनच दिलं नव्हतं ती मस्टँग टू तेलबंदीच्या आधीच विक्रीला आली होती. तेराव्याला पोचलेल्या पाहुण्यावर खुनाचा आळ घ्यावा, तसा हा प्रकार आहे.

ज्यांना अजून शंका आहे त्यांनी पॉन्टिॲक जीटीओच्या उत्पादनाचे आकडे पाहावेत. मसल कारची लाट १९६४ मध्ये याच गाडीने सुरू केली. १९६६ मध्ये सुमारे ९७ हजार जीटीओ बनल्या, १९६९ मध्ये ७२ हजार, १९७० मध्ये ४० हजार, १९७१ मध्ये साडेदहा हजार आणि १९७२ मध्ये ५,८०७. या सगळ्या काळात पेट्रोल गॅलनला ३२ ते ३६ सेंटच्या दरम्यान होतं. टंचाई नाही, रांगा नाहीत.

यातलं १९७० हे साल नीट पाहण्यासारखं आहे. इंजिनांची ताकद त्या वर्षी शिखरावर होती आणि विक्री मात्र जवळजवळ निम्म्यावर आली. मंदी होती, बाजारात स्पर्धकही वाढले होते. पण मोठा घाव विम्याचा होता. या गाड्या घेणारी बहुतेक मुलं पंचविशीच्या आतली आणि अविवाहित. अपघातांचे दावे वाढले, तसे विमा कंपन्या गाडीचं वजन आणि इंजिनाची ताकद यांचं गुणोत्तर पाहून जादा आकार लावू लागल्या. कित्येक तरुणांच्या बाबतीत विम्याचा खर्च गाडीच्या कर्जहप्त्याला जाऊन भिडला. प्लिमथने हलक्या डस्टरमध्ये ३४० घनइंचांचं, तुलनेने लहान इंजिन घालून ती स्वस्तात विकली आणि ती खपली, यावरून गिऱ्हाइकाला वेगाचा कंटाळा आला नव्हता हे दिसतं.

दुसरा घाव शिशाचा. लॉस एंजेलिसचा धूर हा तोवर राष्ट्रीय प्रश्न झाला होता. ३१ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केलेल्या कायद्याने १९७५ च्या मॉडेलांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन ९० टक्क्यांनी घटवायला सांगितलं. त्यासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागणार आणि शिशामुळे तो निकामी होतो. (मुंबईत १९९५ साली नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल आलं, तेही याच कारणाने.) पण पेट्रोलचा ऑक्टेन वाढत होता तो शिशामुळेच. शिसं काढलं की ऑक्टेन घटतो, आणि मग जास्त कॉम्प्रेशनचं इंजिन ठोकू लागतं. जनरल मोटर्सचे अध्यक्ष एड कोल यांनी कायद्याची वाट न पाहता १९७१ च्या सगळ्या इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं, आणि त्याबरोबर ताकदही उतरली. शेव्हेलच्या एलएस-६ मध्ये ते ११.२५ ला १ होतं. पुढच्या वर्षी त्याच घनइंचांच्या एलएस-५ मध्ये साडेआठला १. हा निर्णय तेलबंदीच्या तीन वर्षं आधीचा आहे.

आता 'एका वर्षात शंभर हॉर्सपॉवर गेले' हा लाडका दावा घेऊ. कॉर्व्हेटचं ४५४ घनइंचांचं एलएस-५ इंजिन १९७१ मध्ये ३६५ हॉर्सपॉवरचं आणि १९७२ मध्ये २७० चं, हे कागदावर खरं आहे. पण पहिला आकडा 'ग्रॉस' मापाचा. त्यात इंजिन चाचणीच्या स्टँडवर चढवतात, एअर क्लीनर, अल्टरनेटर, गाडीचा सायलेन्सर यांतलं काहीही न लावता. दुसरा आकडा 'नेट': गाडीत बसतं तसं, सगळ्या लवाजम्यासह. १९७१ मध्ये जनरल मोटर्सने दोन्ही आकडे जाहीर केले होते, आणि एलएस-५ चा नेट आकडा होता २८५. म्हणजे ९५ पैकी ८० हॉर्सपॉवर फूटपट्टी बदलल्यामुळे 'गेले'; खरी घट पंधराची. हे छापील आकडे पन्नास वर्षांपासून उपलब्ध आहेत. तरी ३६५ आणि २७० शेजारी ठेवून हळहळ व्यक्त करणारे लेख अजून निघतात.

बाकीचे समज थोडक्यात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरने ताकद मारली? तो १९७५ च्या मॉडेलांवर आला. सरकारने मोठ्या इंजिनांवर बंदी घातली? १९७६ च्या कॅडिलॅक एल्डोराडोत ५०० घनइंचांचं, म्हणजे ८.२ लिटरचं इंजिन होतं. गाड्यांच्या सुरक्षिततेवर लिहिणाऱ्या राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने? त्यांचं १९६५ मधलं प्रसिद्ध प्रकरण मागच्या बाजूला इंजिन असलेल्या छोट्या कॉर्व्हेअरबद्दल होतं. सरासरी मायलेजच्या सक्तीने? ती १९७८ च्या मॉडेलांपासून लागू झाली.

आणि तेलबंदीने गिऱ्हाईक पळालं म्हणणाऱ्यांनी पॉन्टिॲकच्याच ट्रान्स ॲमकडे पाहावं. १९७४ मध्ये सुमारे दहा हजार बनल्या, १९७५ मध्ये २७ हजार, १९७६ मध्ये ४६ हजारांवर, आणि दुसरं तेलसंकट आलं त्या १९७९ मध्ये एक लाख १७ हजार. त्यातल्या १९७६ च्या सर्वांत मोठ्या, ४५५ घनइंचांच्या इंजिनाची ताकद होती २०० हॉर्सपॉवर.